ओहायोत हरणासाठी लिव्हर-ॲक्शन कार्बाइन: .३५७ घेऊ की .४४? रॉसी, मार्लिन की हेन्री?

.३५७. घ्या आणि मोकळे व्हा. (नवख्यांसाठी: हे आकडे काडतुसाच्या मापाचे, .४४ मोठं. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. लिव्हर म्हणजे चापाभोवतीची दांडी, ती पुढे झोकून परत मिटली की पुढचं काडतूस नळीत चढतं. रॉसी, मार्लिन, हेन्री या बंदुकांच्या कंपन्या.)

आता लांबण लावतो, कारण हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी मी माझ्या साडूला विचारला होता. तो माझ्याआधी बारा वर्षं अमेरिकेत आलेला, त्यामुळे गाडी, घर, गवत कापायचं यंत्र, सगळ्यातलं शेवटचं मत त्याचं. "पिस्तुलाच्या गोळीची रायफल म्हणजे मुळात खेळणं. त्यात .३५७ म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची बंदूक," असं म्हणून त्याने मला .४४ मॅग्नम घ्यायला लावली.

नळी १६ इंची, वजन जेमतेम पाच पौंड. उचलायला हलकी म्हणून मी खूश होतो. पहिल्या वीस बारांत कळलं की तो हलकेपणा खांदा वसूल करतो. म्हशीने लाथ घालावी तसा धक्का. शिवाय काडतुसांच्या पेटीची पावती बायकोने बघितली. खांदा आणि पावती, दोन्ही मिळून माझा सराव पन्नासएक गोळ्यांवर आटोपला.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मोसम उघडला. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात झाडाखाली बसलो, साडू शंभर पावलांवर. साडेआठला एक मादी आली, सत्तरेक यार्डांवर. मी धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटूनच चाप ओढला असणार. बार वरून गेला. मादी दचकली, चार उड्या मारून परत थांबली, हरणं थांबतात तशी. मी लिव्हर ओढला, नेम धरला, चाप दाबला. टक्.

लिव्हर पुढे पार शेवटपर्यंत झोकावा लागतो. शेवटच्या बोटभर अंतरात पुढचं काडतूस वर उचललं जातं. मी जपून, हळुवार, दिवाणखान्यातला ड्रॉवर उघडावा तसा ओढला आणि रिकामी नळी बंद केली. हात वळलेला नव्हता, दुसरं काही नाही.

तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत मोदक वाढताना साडू ओरडतो, "याला दोन वाढा रे, पहिला हुकतो आणि दुसरा टक्!" चाळीस माणसं हसतात. त्यातल्या अडतीस जणांनी बंदूक हातात धरलेली नाही.

राजापूरकडच्या आमच्या गावी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती भातात घुसायची. एक बार गेला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत. त्यामुळे आजोबा पहिलाच बार नीट लावायचे. हे मी साडूला सांगितलं, तर म्हणतो, "मग तीच घ्यायचीस."

पुढच्या उन्हाळ्यात .४४ विकली आणि विंचेस्टर १८९२ च्या जातीची, २० इंची नळीची .३५७ घेतली. तिच्यात .३८ स्पेशल हे कमी जोराचं काडतूसही चालतं. ते स्वस्त, धक्का नावाला, आणि आवाज इतका कमी की मुलगीसुद्धा हौसेने यायला लागली (कानाला मफ तरीही लावायचेच). वर्षभरात हजारएक काडतुसं उडवली. लिव्हर हातात बसला. मोसमात पुऱ्या जोराचं .३५७ मॅग्नम भरायचं. ४ इंची रिव्हॉल्वरमधून १५८ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी सेकंदाला साधारण १२५० फूट जाते. लांब नळीतून तीच १७०० च्या पुढे. ही टिकल्यांची बंदूक नव्हे. दुसऱ्या हिवाळ्यात नर पडला, एका गोळीत, सत्तावन्न पावलांवर. साडू म्हणाला, नशीब.

रॉसी-मार्लिन-हेन्रीचं म्हणाल तर, जी खांद्याला लावल्यावर डोळा आपोआप माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर) येतो ती घ्या. रॉसी म्हणजे बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांच्या जुन्या विंचेस्टर १८९२ ची ब्राझिलियन नक्कल. हलकी आणि तिघींत खिशाला सोसणारी, पण रिकामं काडतूस वरून उडतं, म्हणून दुर्बीण बसवायला अडचण. मार्लिन १८९४ बाजूने फेकते, दुर्बीण हवी असेल तर तीच. २०२० मध्ये रुगर या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेतली, त्यानंतर बनलेल्यांचा क्रमांक आरएमने सुरू होतो. पितळी हेन्री साडूकडे आहे. साडेआठ पौंडांच्या वर. फार देखणी, देव्हाऱ्यात ठेवावी अशी. घेतलीत तर बाजूने भरायची खिडकी असलेली घ्या, जुन्या हेन्री फक्त नळकांड्याच्या (नळीखालच्या काडतुसं ठेवायच्या नळीच्या) पुढच्या टोकाकडून भरतात.

८ काडतुसं मावतात की १० यावर डोकं शिणवू नका. हरणाच्या मोसमात ओहायोत तीनच भरता येतात, चेंबरमधलं, म्हणजे नळीत चढवलेलं, धरून. आणि इथे हरणासाठी रायफलीत सरळ भिंतींचीच (तोंडाशी निमुळती न होणारी) काडतुसं चालतात, .३५७ ही त्या नियमातली सर्वांत लहान चालणारी, तेव्हा त्याखाली जाऊ नका. नियमांची त्या वर्षीची पुस्तिका मात्र स्वतः वाचा. टोकदार गोळ्या नळकांड्यात कधीच नाहीत, त्या पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (जिच्यावर घाव बसला की बार उडतो) टेकतात.

एक राहिलंच. तुम्ही एच-१बी वर असाल तर आधी थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, आणि बंदूक विकत घेताना भरायच्या ४४७३ अर्जावर ते विचारतात. मी ग्रीन कार्डानंतर घेतली.

आणि हो, .४४ ची गोळी दीडपट जड असते, शंभर यार्डांपलीकडे ती सरस आहे, हे मान्य. मोकळ्या शेताच्या बांधावर बसणार असाल आणि वर्षाला पाचशे गोळ्या उडवायची तयारी असेल तर खुशाल घ्या. साडू उडवतो वर्षाला वीस. गेल्या मोसमात त्याचीही पितळी हेन्री टक् म्हणाली. मी शंभर पावलांवर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.