सुक्कोत हा ज्यूंचा सण नुसता सुगीचा आहे का? चांगलं घर असताना ज्यू लोक त्यात झोपडीत, म्हणजे मांडवात, का जेवतात?

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, आजोबा अलिबागकडचे, आम्ही आता इस्रायलमध्ये लोदला राहतो, त्यामुळे हा सण दरवर्षी आमच्या बाल्कनीतच असतो.

सुगीचा आहेच. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसानंतर पाचव्या दिवशी, तिश्री महिन्याच्या (सप्टेंबर-ऑक्टोबर) १५ तारखेला लागतो, तोवर धान्य, द्राक्षं सगळं घरात आलेलं असतं. कोकणात आमच्या पूर्वजांकडे तिश्रीतच खिरीचा सण असायचा, नव्या धान्याची खीर, नारळाच्या दुधातली. पण तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, लेवीय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात, मांडवाचं कारण वेगळं दिलंय. सात दिवस मांडवात राहा, म्हणजे पुढच्या पिढ्यांना कळेल की मिसरमधून (इजिप्तमधून) बाहेर काढल्यावर देवाने इस्रायलच्या लेकरांना मांडवात ठेवलं होतं. तलमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, यावर वाद आहे, रब्बी अकिवा म्हणतात ते खरेखुरे मांडव होते आणि रब्बी एलिएझर म्हणतात नाही, ते देवाच्या तेजाचे ढग होते. मला स्वतःला ढगांचं म्हणणं जवळचं वाटतं, कारण वाळवंटात चार काठ्यांनी कोण वाचणार?

आता कोणीही विचारेल की मिसरमधून सुटका तर वसंतात झाली, पेसाखच्या सणाला, मग मांडव तेव्हाच का नाही घालत? याचं जुन्या पंडितांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. वसंतात सगळेच सावलीसाठी बाहेर मांडव घालतात, त्यात विशेष काय, पण इस्रायलचा पावसाळा तोंडावर आला, लोक घरात शिरायला लागले, कोठारं भरली, 'हे माझ्या हाताने कमावलं' असं वाटायला लागलं की नेमकं तेव्हा आपण बाहेर पडायचं, देवाने सांगितलं म्हणून.

म्हणून छपराचे नियम कडक. जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलंच काहीतरी वर घालायचं, आम्ही खजुराच्या झावळ्या घालतो, उन्हापेक्षा सावली जास्त पाहिजे पण रात्री चांदण्या दिसाव्यात. आणि वर थेट आभाळ पाहिजे, दुसऱ्याची गॅलरी चालत नाही, म्हणून इथे बऱ्याच बिल्डिंगमध्ये बाल्कन्या एकाखाली एक न काढता आलटून पालटून काढतात.

मग चार वनस्पती. महाळुंग, खजुराचा न उघडलेला कोंब, हदासच्या (मर्टल या सुवासिक झुडपाच्या) तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन. महाळुंगाला चव आणि वास दोन्ही, खजुराला नुसती चव, हदासला नुसता वास, वाळुंजाला काहीच नाही, तशीच माणसं असतात, कोणाकडे ज्ञान, कोणाकडे सत्कर्म, कोणाकडे काहीच नाही, पण चौघं एकत्र धरल्याशिवाय आशीर्वाद म्हणता येत नाही. माझे वडील महाळुंग डोळ्याजवळ नेऊन डाग बघायचे, टोकाचा दांडा मोडला तर फळ बाद, म्हणून डबीत काथ्यासारख्या मऊ तंतूंत गुंडाळून ठेवायचे आणि आम्हा मुलांना हात लावू द्यायचे नाहीत.

आणि पाऊस आलाच तर? मिश्ना, म्हणजे तलमूदचा मूळ गाभा, म्हणते वाटीतलं जेवण बिघडायला लागलं की घरात जा, पण ते देवाने आपल्यावर नाराज होण्यासारखं आहे, चाकराने धन्यासाठी पेला भरून न्यावा आणि धन्याने तांब्याच त्याच्या तोंडावर ओतावा तसं. म्हणून पावसाची तफिला (प्रार्थना) आठव्या दिवशी, मांडवात बसणं संपल्यावर. 'पाऊस दे' अशी उघड मागणी तर इथे आणखी दोन आठवड्यांनी, तिश्रीनंतरच्या हेश्वान महिन्याच्या ७ तारखेला सुरू होते, कारण यरुशलेमला आलेल्या सगळ्यात लांबच्या यात्रेकरूला घरी परतताना फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंत पोचायला १५ दिवस लागायचे, तो वाटेत भिजायला नको.