हार्टला बाराव्या टर्नच्या आत संपवायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: स्ले द स्पायर हा पत्त्यांचा व्हिडिओ गेम, आयर्नक्लॅड हे पात्र, असेन्शन शून्य म्हणजे सर्वांत सोपी पातळी. ब्लॉकचा, म्हणजे मार अडवणाऱ्या पत्त्यांचा, कंट्रोल डेक (पत्त्यांचा संच) बांधतोस, तिसऱ्या अ‍ॅक्टचा बॉस आरामात पडतो, पण करप्ट हार्ट या शेवटच्या बॉससमोर एकतर तिसऱ्याच टर्नला मरतोस, नाहीतर कसाबसा तेराव्यापर्यंत पोचून मरतोस. डेक 38 पत्त्यांचा. कुठले पत्ते घ्यायचे त्याची यादी हवी आहे.

यादी मी देणार नाही. या खेळात प्रत्येक लढाईनंतर समोर येतील त्या तीन पत्त्यांतूनच निवडायचं असतं. यादी धरून बसलास तर पहिल्या अ‍ॅक्टमध्येच गळ्याशी येईल. पण तुझे दोन मृत्यू दोन वेगळ्या कारणांनी होतात, आणि ती दोन्ही आकड्यांत मांडता येतात. ते आकडे एकदा डोक्यात बसले की समोरच्या तीन पत्त्यांतला कुठला उचलायचा, हे तुझं तुलाच कळेल.

आधी तिसऱ्या टर्नचा मृत्यू. हार्ट पहिल्या टर्नला मारत नाही. तुझ्यावर व्हल्नरेबल (बसणारा मार दीडपट), वीक (दिलेला मार पाव हिश्शाने कमी) आणि फ्रेल (ब्लॉक कमी) प्रत्येकी 2, म्हणजे दोन टर्नसाठी, टाकतं आणि तुझ्या ड्रॉ पाइलमध्ये (पत्ते ओढायच्या गठ्ठ्यात) डेझ्ड, स्लाइम्ड, वूंड, बर्न आणि व्हॉइड असे पाच फालतू पत्ते पिसून घालतं. पुढच्या दोन टर्नला दोन हल्ले, कुठला आधी ते नक्की नसतं. एक 40 चा एकच घाव, दुसरा 2 चे बारा घाव. तू व्हल्नरेबल असतोस म्हणून 40 चे होतात 60, आणि 2 चे 3 होऊन बाराचे 36. एकूण 96. आयर्नक्लॅडचं सुरुवातीचं आयुष्य 80. वर फ्रेलमुळे तुझ्या पत्त्यांचा ब्लॉक पाव हिश्शाने कमी. म्हणजे नुसत्या डिफेंड या साध्या ब्लॉकच्या पत्त्याच्या जोरावर हे दोन टर्न निघणारच नाहीत.

इथे कंट्रोलचा खरा अर्थ लागतो: मार अडवण्याआधी मारच लहान करायचा. शॉकवेव्ह हा पत्ता पहिल्या टर्नला खेळलास तर हार्टवर 3 वीक बसतं, ते दोन्ही हल्ल्यांना पुरतं. 60 चे 45 होतात, आणि बारा घावांतला प्रत्येक 3 वरून 2 वर येतो, कारण खेळ अपूर्णांक खाली ओढतो. 36 चे 24. आता त्यात डिसआर्म हा पत्ता घाल. हार्टची स्ट्रेंग्थ, म्हणजे प्रत्येक घावात मिळवला जाणारा आकडा, 2 ने घटली की 2 च्या घावाचा होतो शून्य. बारा वेळा शून्य! मोठा घाव उरतो 42 चा. शॉकवेव्ह 2 एनर्जीचं (एनर्जी म्हणजे पत्ते खेळायचा खर्च), डिसआर्म 1 चं. पहिल्या टर्नच्या तीन एनर्जीत 96 चा मार 42 वर आला. पहिल्या टर्नला हल्ला नसतो, त्यामुळे ब्लॉक टिकवून ठेवणारं बॅरिकेड नसेल तर त्या टर्नला लावलेला ब्लॉक फुकट जातो. ती एनर्जी डिबफ (शत्रूला दुबळं करणाऱ्या) आणि पॉवर (लढाईभर परिणाम टिकणाऱ्या) पत्त्यांसाठीच राखून ठेव.

फ्लेम बॅरियर मिळाला तर सोडू नकोस. बाकीचे लोक त्याचा 12 चा ब्लॉकच बघतात. पण त्या टर्नला तुझ्यावर पडणाऱ्या प्रत्येक घावामागे तो 4 डॅमेज परत करतो, घाव ब्लॉकवर अडला तरी. हार्टच्या बारा घावांसमोर लावलास की 48 परत, अपग्रेड असेल तर 72. दोन एनर्जीत हार्टवर एवढा मार दुसरा कुठला साधा पत्ता काढत नाही.

आता तेराव्या टर्ननंतरचा मृत्यू. तुझा खरा दोष इथे आहे, आणि तो डेकच्या विचारातला आहे. तू टिकून राहण्यासाठी डेक बांधलास. टिकणं इतर बॉससमोर चालतं, हार्टसमोर नाही. चौथ्या टर्नला ते मारत नाही, स्वतःला वाढवतं; मग दोन हल्ले, पुन्हा वाढ, असं चक्र. दर वाढीला स्ट्रेंग्थ 2 ने चढते आणि तू उणे केलेली स्ट्रेंग्थही भरून निघते, म्हणजे डिसआर्मचा परिणाम तिथेच संपतो. बारा घावांचा हल्ला 24 वरून 48, मग 72, मग 96 असा चढत जातो. तेराव्या टर्नच्या वाढीत नेहमीच्या 2 सोबत वेगळी 10 स्ट्रेंग्थ येते. त्यानंतर तोच हल्ला 240 चा. तेवढा ब्लॉक दर वेळी उभा करणं जवळजवळ अशक्य आहे. तेव्हा बाराव्या टर्नपर्यंत हार्ट मेलंच पाहिजे.

हार्टचं आयुष्य 750, आणि एका टर्नमध्ये 300 च्या वर ते गमावत नाही. पहिले चार टर्न सावरण्यात गेले असं धर. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत आठ टर्न उरतात, म्हणजे दर टर्नला सरासरी 94. डेक बघताना स्वतःला हाच प्रश्न विचार: टर्नला 94 डॅमेज कुठून येणार? तुझ्या 38 पत्त्यांत याचं उत्तर नव्हतं.

आणि 38 हा आकडाही नडला. त्यात हार्टचे पाच मिळवले की 43. टर्नला पाच पत्ते हातात येतात, म्हणजे डेक एकदा फिरायलाच जवळजवळ नऊ टर्न. तुझा सर्वांत चांगला पत्ता अख्ख्या लढाईत बहुधा एकदाच दिसणार. 25 चा डेक असेल तर सहा टर्नमध्ये फिरतो. दुकानात पत्ता काढायला पहिल्यांदा 75 सोनं लागतं, मग दर वेळी 25 ने वाढतं. स्ट्राइक, म्हणजे सुरुवातीचे साधे हल्ल्याचे पत्ते, आधी काढ. लढाईनंतर तिन्ही पत्ते कामाचे नसतील तर एकही घेऊ नकोस. हे जमायला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण डेक सुधारतो तो यानेच.

ब्लॉकलाच हत्यार करायचं असेल तर बॅरिकेड, एन्ट्रेंच आणि बॉडी स्लॅम. बॅरिकेड लागलं की ब्लॉक टर्नच्या सुरुवातीला जात नाही, एन्ट्रेंच तो दुप्पट करतं, आणि बॉडी स्लॅम ब्लॉकएवढा मार देतो पण ब्लॉक खर्च करत नाही. हा डेक खेळायची रीत आपल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दाराची आहे: भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. हल्ल्याच्या दोन टर्नला फक्त अडव. चौथ्या, सातव्या, दहाव्या टर्नला हार्ट मारत नाही, तेव्हा एन्ट्रेंच आणि एकदम मोठा ब्लॉक देणारा इम्पर्व्हियस खेळ. एन्ट्रेंचवर फ्रेलचा परिणाम होत नाही, हेही लक्षात असू दे. 200 ब्लॉक आणि हार्टवर व्हल्नरेबल, एवढं जमलं की एक बॉडी स्लॅम बरोबर 300 चा बसतो. त्यावरचा मार वाया जातो, म्हणून एकाच टर्नला दोन बॉडी स्लॅम टाकण्यापेक्षा ते लागोपाठच्या टर्नला हातात यावेत असं बघ. दोन प्रती पुरतात.

एक बारीक गोष्ट: चौथ्या टर्नच्या वाढीत हार्टला 2 आर्टिफॅक्ट मिळतात, म्हणजे पुढचे दोन डिबफ फुकट जातात. शॉकवेव्ह दोन डिबफ (वीक आणि व्हल्नरेबल) लावतं, त्यामुळे पाचव्या टर्नला खेळलंस तर पूर्णच वाया. ते चौथ्याच्या आत वापर. नंतर व्हल्नरेबल हवं असेल तर आर्टिफॅक्ट बॅशसारख्या हलक्या पत्त्यांवर खपव.

बॅरिकेड दुर्मीळ आहे, त्याची वाट बघत बसू नकोस. दर टर्नला तुझी स्ट्रेंग्थ वाढवणारा डेमन फॉर्म मिळाला तर त्यावरही निभावतं, मात्र तो पहिल्या चार टर्नमध्ये खाली पडायला हवा. मला स्वतःला फील नो पेन आणि सेकंड विंडची जोडी सर्वांत आवडते. हार्टने घुसवलेले पाचही पत्ते हातात आले की एरवी जीव जातो. इथे सेकंड विंड ते जाळून टाकतं आणि प्रत्येकामागे ब्लॉक देतं, वर जळालेल्या प्रत्येक पत्त्यामागे फील नो पेनचे 3 वेगळे, आणि त्यांना फ्रेल लागत नाही. शत्रूचा कचरा तुझं चिलखत होतो. फक्त मारायचा पत्ता वेगळा ठेवायला विसरू नकोस.

शून्य किमतीचे पत्ते भरभरून घेऊ नकोस. हार्टसमोर खेळलेल्या प्रत्येक पत्त्यामागे तुला 1 डॅमेज बसतं, दुसऱ्या वाढीनंतर 2. कंट्रोल डेकचा फायदाच हा की तो टर्नला तीन-चार वजनदार पत्ते खेळतो. पोशनना मात्र हा दंड नाही. वीक पोशन असेल तर हार्टच्या लढाईपर्यंत जपून ठेव आणि तिथे दुसऱ्या टर्नला फोड.

हार्टच्या आधीच्या शील्ड आणि स्पिअर या शत्रूंच्या जोडीबद्दल एवढंच: पाठीमागून आलेला मार दीडपट बसतो, आणि ज्याच्यावर पत्ता टाकशील त्याच्याकडे तुझं तोंड वळतं. टर्नचा शेवटचा पत्ता जास्त मारणाऱ्यावर टाक. मी आधी स्पिअर मारते.

तू पणजी–साखळी बसमध्ये मोबाइलवर खेळतोस ना? लढाईच्या मध्येच बाहेर पडलास तर खेळ ती लढाई सुरुवातीपासून देतो, आणि पहिला हात तोच येतो. काहींना ही लबाडी वाटते. मला शिकण्यासाठी ती उत्तम सोय वाटते. हार्टसमोर तोच हात एकदा ब्लॉक करत आणि एकदा डिबफ लावत खेळून बघ, 96 आणि 42 मधला फरक डोळ्यांनी दिसेल.

पुढच्या वेळी हरलास तर डेकचा फोटो पाठव, आणि कितव्या टर्नला व कुठल्या हल्ल्याला मेलास तेही लिही. त्यावरून कुठला पत्ता काढायचा ते बघू.