जुळे सोलापुरातील आमच्या सोसायटीची लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे सौरऊर्जेवर चालवायचे आहेत. कोणती सरकारी योजना उपयोगी पडेल?

आपल्यासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना सर्वांत सरळ आहे, कारण तिच्यात स्वतंत्र घराला तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी कमाल 78,000 रुपये मिळतात, तर गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा, मग राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करून नोंदणीकृत विक्रेता निवडावा. वापरलेली आणि जाळ्यात परत दिलेली वीज मोजणारे नेट मीटर महावितरण बसवते.

एक किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर सावलीमुक्त गच्ची लागते व त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. सोलापूरचे ऊन मात्र दुधारी आहे: पॅनेल तापले की उत्पादन घटते, म्हणून पॅनेलखाली हवा खेळेल इतकी उंची ठेवण्याचा आग्रह धरावा. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. ते सहसा विक्रेता सांगत नाही.

राज्याचे पर्यावरणविषयक ‘माझी वसुंधरा’ अभियान 2020 पासून चालू आहे, परंतु त्यात गुणांकन स्थानिक स्वराज्य संस्थांचे होते, सोसायटीला थेट अनुदान नव्हे.