मोठे खेळाडू घेतले की बेसबॉल संघ पुढच्याच सीझनला सुधारतो का?

लगेच नाही. टेक्सास रेंजर्सचंच बघा. 2021 मध्ये 102 सामने हरल्यावर त्यांनी थैली मोकळी सोडली: कोरी सीगर 10 वर्षांसाठी 32.5 कोटी डॉलर, मार्कस सेमियन 7 वर्षांसाठी 17.5 कोटी. (आयपीएलसारखा लिलाव नसतो हं, थेट करार होतात.) तरी 2022 मध्ये 94 पराभव! हे दोघे बॅटर, आणि पिचिंग (क्रिकेटमधल्या बोलिंगसारखं) लंगडंच होतं ना.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात पिचर जेकब डिग्रॉमला 18.5 कोटींना आणलं. तो सहा सामन्यांतच जायबंदी. त्यामानाने स्वस्तातला पिचर नेथन इओवाल्डीने मात्र प्लेऑफमध्ये 5 विजय मिळवले आणि 2023 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉल लीगची अंतिम लढत) रेंजर्सने मारली. माझ्या मते सगळ्यात हुशार चाल वेगळीच: ब्रूस बोचींना निवृत्तीतून परत बोलावून मॅनेजर (म्हणजे बेसबॉलमधला मुख्य प्रशिक्षक) करणं.