नाताळच्या टीव्हीवर लिहिणाऱ्या एका मुलास

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवशी टीव्हीवर काय लागणार हे आता डोळे मिटून सांगता येतं, असं तुझं म्हणणं. दुपारी तीनला राजाचं भाषण, मग ‘स्ट्रिक्टली’चा नाच, ‘कॉल द मिडवाइफ’ ही सुइणींची मालिका, ‘ईस्टएंडर्स’ या रोजच्या आयुष्यावरच्या मालिकेत कुणाच्या तरी संसाराचं वाटोळं आणि रात्री ‘मिसेस ब्राउन्स बॉइज’ ही विनोदी मालिका. यादी बरोबर आहे. मिसेस ब्राउन २०११ पासून आणि मिडवाइफ २०१२ पासून दर नाताळला हजर असतात. पण यादी संपते न संपते तोच ‘टीव्हीवाले आळशी झाले, पूर्वी असं नव्हतं’ असा निकाल देऊन तू मोकळा झालास. कार्यक्रमाची वेळ ठरलेली असणं वेगळं आणि आतला मजकूर ठरलेला असणं वेगळं. तुझा राग मजकुरावर आहे, आणि तू तो वेळेवर काढला आहेस.

आपल्याकडे १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची प्रथा आहे. अंक दर दिवाळीलाच का येतो म्हणून कुणी नाक मुरडत नाही. आत गेल्या वर्षीचीच कथा नाव बदलून छापली असेल तर मात्र वाचक संपादकाला सोडणार नाही. नाताळच्या टीव्हीलाही हाच निकष लाव. आणि तिथे तर खराखुरा अंकसुद्धा आहे. ‘रेडिओ टाइम्स’ या कार्यक्रमांची वेळापत्रकं छापणाऱ्या साप्ताहिकाचा नाताळचा दुहेरी, म्हणजे दोन आठवड्यांचा, अंक १९८८ साली १ कोटी १० लाखांच्या वर खपला होता. १९९१ पर्यंत त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम छापत, आयटीव्ही या खासगी वाहिनीसाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळा घ्यावा लागे. म्हणून घरात दोन अंक आणि एक बॉलपेन. ज्याला जे बघायचं त्यानं त्यावर गोल करायचा. एकाच वेळेच्या दोन कार्यक्रमांवर दोन गोल पडले की जेवणाच्या टेबलावर वाटाघाटी. आता अॅपवर सगळं असूनही पेन घेऊन बसणारी घरं मी लंडनच्या हॅरो भागात पाहिली आहेत, त्यांत मराठी घरंही आहेत.

लिहायला बसण्याआधी एक काम कर. ‘बीबीसी जीनोम’ या संग्रहात १९२३ ते २००९ पर्यंतची रेडिओ टाइम्समधली वेळापत्रकं कुणालाही चाळता येतात. वेगवेगळ्या दशकांतला २५ डिसेंबर काढून शेजारी शेजारी ठेव. ‘पूर्वी असं नव्हतं’ हे तुझं वाक्य तिथेच गळून पडेल. राणी एलिझाबेथचं नाताळचं भाषण १९५७ पासून टीव्हीवर होतं. मोरकम आणि वाइज ही विनोदी जोडी १९६९ ते १९७७ जवळजवळ दर नाताळला बीबीसीवर होती. म्हणजे ज्या काळाला आज सुवर्णकाळ म्हणतात, तोसुद्धा आधीच सांगता येत होता.

मग लोक त्यांच्यासाठी का थांबत? १९७६ सालचा त्यांचा कार्यक्रम बघ. अँजेला रिपन ही रोज रात्री टेबलामागे बसून गंभीर चेहऱ्यानं बातम्या वाचणारी बाई. प्रेक्षकांनी तिला कमरेखाली कधी पाहिलेलंच नव्हतं. ती नेहमीसारखी बातमी वाचते आहे असं वाटत असतानाच टेबल बाजूला होतं, ती उठते आणि पाय उंच फेकत नाचायला लागते. दुसऱ्या दिवशी देशभर तोच विषय. कार्यक्रम ठरलेला, माणसं ठरलेली, वेळ ठरलेली, आणि त्या चौकटीच्या मधोमध कुणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट. चौकट पक्की होती म्हणून तर ती इतकी लागली. अनोळखी कार्यक्रमात बाई नाचली असती तर कुणाला त्याचं काय वाटलं असतं?

पुढचा धडा ‘ईस्टएंडर्स’चा. १९८६ च्या नाताळला त्यातल्या डेननं बायकोच्या, अँजीच्या, हातात घटस्फोटाचे कागद ठेवले आणि वर ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणाला. सणाच्या दिवशी घराघरांत हे दाखवायचं धाडस तेव्हा नवं होतं. मग दरवर्षी तेच. लग्नं मोडली, लफडी उघडी पडली, माणसं मेली. धक्क्याचीच प्रथा पडली की त्यात धक्का उरत नाही, आणि हे तुझ्या लेखात यायलाच हवं. पण २०२३ मध्ये त्यांनी काय केलं तेही लिही. फेब्रुवारीतच एक प्रसंग दाखवला: नाताळचा दिवस, मालिकेतला क्वीन व्हिक पब, जमिनीवर एका पुरुषाचं प्रेत आणि भोवती सहा बायका. मेला कोण आणि मारलं कुणी, हे डिसेंबरपर्यंत सांगितलं नाही. नाताळला कुणीतरी मरणार हे प्रेक्षकांना ठाऊक असतंच, तर तेच आधी सांगून टाकलं आणि दहा महिने लोकांना तर्क लढवायला लावले. मला हे फार हुशारीचं वाटलं.

वेळापत्रक असं का होतं, याकडे तर तू वळलाच नाहीस. इंग्लंड आणि वेल्समध्ये २५ डिसेंबरला मोठी दुकानं उघडायला २००४ च्या कायद्यानं बंदी आहे. आगगाड्या जवळजवळ सगळ्या बंद, लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वेसुद्धा. आजी, नातवंडं, जावई सगळे एका खोलीत, पोट भरलेलं, बाहेर चार वाजताच अंधार. अशा खोलीला काय दाखवायचं? कुणालाच अवघड वाटणार नाही असं काहीतरी, हे उत्तर सोपं आहे, आणि नियोजन करणारी माणसं तिथेच अडकतात. आता आयटीव्हीच्या बाजूनं बघ. तिचं पोट जाहिरातींवर, आणि जाहिरातदारांचा पैसा खरेदीच्या दिवसांत, म्हणजे नाताळाआधी, खर्च होऊन गेलेला असतो. त्या दिवशी जीव तोडून लढायचं तिला फारसं कारणच नाही. घरोघरच्या टीव्ही लायसन्स फीवर चालणाऱ्या बीबीसीला मात्र देशाला एकत्र बसवून दाखवायचं असतं, म्हणून मैदान बहुतेक तिचंच. समोर तुल्यबळ कुणी नसलं की नवं करायची निकड कमी होते. माझ्या मते सुस्तीचं मूळ इथे आहे.

नाताळच्या सिनेमाची ओढ संपली हे मात्र तुझं बरोबर आहे, तो भाग तसाच ठेव. ‘ई. टी.’ १९८२ चा, ब्रिटनच्या टीव्हीवर पहिल्यांदा आला १९९० च्या नाताळला. आठ वर्षांची वाट ही त्या संध्याकाळची खरी किंमत होती. आता नवा सिनेमा काही महिन्यांत फोनवर येतो, त्यामुळे हे आकर्षण कायमचं गेलं. त्यात कुणाचा आळस नाही.

आकडे जपून वापर. १९८६ च्या ‘ईस्टएंडर्स’चे ३ कोटींहून जास्त प्रेक्षक तू २०२४ च्या ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेच्या १ कोटी २३ लाखांशेजारी ठेवलेस. पहिला आकडा मूळ प्रक्षेपण आणि पुनःप्रक्षेपण मिळून आहे, दुसरा फक्त त्या रात्रीचा. नंतरच्या दिवसांत बघणारे धरले की तो कितीतरी वर जातो. मोरकम-वाइजच्या १९७७ च्या कार्यक्रमाला बीबीसीच्या हिशेबानं २ कोटी ८० लाख आणि दुसऱ्या मोजणीनं २ कोटी १० लाखांच्या आसपास प्रेक्षक होते, एवढी तफावत. जाणकार वाचक पहिल्यांदा अशा जागीच लेख खाली ठेवतो.

आणि ‘गॅव्हिन अँड स्टेसी’वर तू ‘जुनीच मालिका परत’ एवढंच लिहिलंस. २०१९ च्या नाताळला त्यातल्या नेसानं गुडघा टेकून स्मिदीला लग्नाचं विचारलं आणि भाग तिथेच संपला. उत्तर यायला पाच वर्षं लागली. माणसं ओळखीची, पुढे काय होणार हे अजिबात ओळखीचं नाही. २०२४ मध्ये सबंध घरं टीव्हीसमोर बसली ती यासाठी.

काही गोष्टी मात्र दरवर्षी जशाच्या तशाच हव्यात, त्यांना हात लावू नकोस. ‘द स्नोमॅन’ हा संवाद नसलेला छोटा चित्रपट चॅनेल ४ नं सुरू झाल्याच्या वर्षीच, २६ डिसेंबर १९८२ ला दाखवला आणि तेव्हापासून तो जवळजवळ दर नाताळला लागतो. त्याच्यासमोर दरवर्षी कुणीतरी चार वर्षांचं मूल पहिल्यांदाच बसलेलं असतं. रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळची व्याख्यानं तर १८२५ पासूनची, टीव्हीवर १९६६ पासून दरवर्षी. मुलांसमोर विज्ञानाचे प्रयोग करायचे हा साचा तोच, पण वक्ता आणि विषय दर वेळी नवा. तुला ‘कसं असावं’ याचं उदाहरण हवं होतं ना? हे घे.

मग टीका कुणावर करायची? नेहमीच्याच प्रश्नमंजूषेच्या सेटवर एक झाड उभं करून, स्पर्धकांना लाल टोप्या घालून ‘नाताळ विशेष’ म्हणून खपवणाऱ्यांवर. जुन्या भागांचे तुकडे जोडून दोन तास भरणाऱ्यांवर. तिथे अजिबात हात आखडता घेऊ नकोस. प्रेक्षक वर्षातून एकदा आपणहून सगळे एकत्र येऊन बसतात आणि त्यांच्या पुढ्यात शिळं वाढलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. तुझ्या लेखातही तो दिसायला हवा.

मसुदा पुन्हा लिहिताना पहिली दोन पानं काढून टाक, अँजेला रिपनपासून सुरुवात कर. या वर्षीचा दुहेरी अंक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानात येईल. तो घे, २५ तारखेचं पान उघड आणि प्रत्येक कार्यक्रमासमोर लिही: आत नवं काय? ते पान लेखासोबत मला पाठव.

तुझी,
मावशी