तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिवाहकता

प्रश्न : तांब्याची काही ऑक्साइडे मुळात विद्युतरोधक असतात, असे वाचले. मग तीच अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारी, कशी होतात?

उत्तर : शुद्ध लॅन्थेनम कॉपर ऑक्साइडमध्ये तांब्याच्या प्रत्येक अणूपाशी एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन असतो, परंतु एकाच जागी दोन इलेक्ट्रॉन आले, तर त्यांचे परस्पर प्रतिकर्षण इतके तीव्र ठरते, की प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या जागीच अडकून राहतो. लॅन्थेनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले, की तांबे-ऑक्सिजनच्या थरांतील इलेक्ट्रॉन कमी होऊन रिकाम्या जागा, म्हणजे होल, तयार होतात आणि विद्युतप्रवाहाला वाट मिळते. तांब्याच्या एका अणूमागे सुमारे ०.१६ होल असताना संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिवाहक होतो ते तापमान, सर्वाधिक असते. स्ट्रॉन्शियम आणखी वाढवले, तर अतिवाहकता पुन्हा मावळते.

बेडनॉर्त्स आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना १९८६ मध्ये याच कुळातील बेरियमयुक्त पदार्थात अतिवाहकता ३० केल्विनच्या आसपास आढळली. पुढच्याच वर्षी यिट्रियमयुक्त पदार्थाने ९० केल्विनचा टप्पा ओलांडला आणि ७७ केल्विनला उकळणारा द्रव नायट्रोजन त्या पदार्थाला थंड करण्यास पुरेसा ठरला. नेहमीच्या अतिवाहकांप्रमाणे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या येथेही जमतात. मात्र त्यांच्या तरंगफलनाला, म्हणजे जोडीची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाला, चार पाकळ्या असून लगतच्या पाकळ्यांची चिन्हे परस्परविरुद्ध असतात. या जोड्या स्फटिकाच्या कंपनांपेक्षा स्पिनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाशी निगडित अंगभूत गुणधर्माच्या, चढउतारांमुळे जुळत असाव्यात, हे मत मला अधिक पटते, तरी त्याबाबतचा वाद अद्याप मिटलेला नाही.