उत्तर: साइडबार खुशाल हलवा, पानांचे पत्ते हलवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. खत दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची मदत-साइट, डॉक्युसॉरसवर (फाइलींवरून साइट बनवणारं साधन) ८० पानं, साइडबार (बाजूची पानांची यादी) मारुतीच्या शेपटासारखा वाढलेला, आणि आता रविवारी बसून सगळ्या फाइली नव्या फोल्डरांत टाकायच्या, असं तुम्ही म्हणताय. जरा दम धरा. साइट उभी कशी करायची, मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा करून पान लिहायची पद्धत) कसं लिहायचं, हे तुम्हाला येतंच, त्यामुळे तिकडं जात नाही.

आम्ही लातूरच्या आडत दुकानांना हिशोबाचं सॉफ्टवेअर देतो. आवक, सौदा, हमाली, तोलाई, शेवटी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद. मदतीची साठेक पानं होती आणि दुकानादुकानात काट्याशेजारी आमचा क्यूआर स्टिकर: 'पट्टी चुकली? इथं स्कॅन करा.' मुनीम लोक तेवढंच वापरायचे.

काम मंजूर करणाऱ्या एका कार्यालयानं (नाव घेत नाही, पुढचं बिल अजून तिथंच आहे) अट घातली की मदतीची मांडणी त्यांच्या शाखांप्रमाणे हवी: आस्थापना, लेखा, तांत्रिक. आता आडतीवरच्या मुनिमाला 'आस्थापना' कशाशी खातात? हे सांगायला तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा दौऱ्यावर, तिसऱ्यांदा भेटले तर म्हणाले, "तुम्ही लेखी द्या." लेखी दिलं, त्याचं काय झालं ते देवाला ठाऊक. शेवटी वैतागून एका रात्रीत तीन फोल्डर केले, फाइली ओढून आत टाकल्या. बिल्ड, म्हणजे फाइलींपासून तयार साइट बनवायचं काम, बिनतक्रार पार पडलं. निवांत झोपलो.

सकाळी सौद्याच्या वेळेला फोन. "साहेब, ते स्टिकर मारलं की पान सापडंना म्हणायलंय." मग दुसरा, मग तिसरा. सोयाबीनची आवक ऐन भरात, दारात ट्रॅक्टरची रांग, आणि दोनशेच्या वर स्टिकर एका रात्रीत मेलेले.

कारण साधं आहे. तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर डॉक्युसॉरस पानाचा पत्ता फाइलच्या जागेवरून बनवतो. फाइल 'लेखा' फोल्डरमध्ये गेली की पत्त्यातही 'लेखा' शिरतं. बिल्ड साइटच्या आतल्या तुटक्या लिंका पकडतं, पण काट्यावर चिकटवलेला स्टिकर किंवा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक त्याला कुठून दिसणार?

म्हणून रविवारी पहिलं काम एकच करा. प्रत्येक पानाच्या फाइलीच्या माथ्यावर स्लग (पानाचा पत्ता ठरवणारी ओळ) लिहून आजचा पत्ता पक्का करा. सुरुवातीचा स्लॅश (/) विसरू नका. तो नसला तर स्लग त्या फोल्डरच्या हिशोबानं धरला जातो, म्हणजे फोल्डर बदललं की पत्ता पुन्हा बदलला. किंवा माझं ऐकाल तर फाइलींना हातच लावू नका. साइडबारच्या फाइलमध्ये क्रम हातानं लिहा, गट हवे तसे पाडा. आपोआप बनणारा साइडबार वीसेक पानांपर्यंत ठीक, हे माझं मत. इथले काही जाणकार भांडतील.

पत्ते आधीच हलले असतील तर रीडायरेक्टचं, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारं, प्लगइन (वरून जोडायचा भाग) आहे. पण ते फक्त अंतिम बिल्डमध्ये चालतं, घरच्या मशीनवर लिहिता-लिहिता दिसणाऱ्या साइटवर नाही. हे माहीत नसल्यामुळे मी फोन कट करत-करत दोन तास चालू प्लगइनच दुरुस्त करत बसलो होतो.

आता क्रमाबद्दल. हंगाम ओसरल्यावर जुन्या पट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर एकेका पानाचं नाव लिहिलं आणि गठ्ठा एका जुन्या मुनिमापुढं ठेवला: "काका, तुमच्या हिशोबानं लावा." त्यांनी चार ढीग केले. दुकान उघडताना, सौद्याच्या वेळी, संध्याकाळी पट्टी करताना, आणि वांधा झाल्यावर. 'सेटिंग' लिहिलेल्या सात चिठ्ठ्या बाजूला सारून म्हणाले, "ह्या तुमच्या तुम्हीच ठेवा." तोच आज आमचा साइडबार आहे. खत दुकानाचे ढीग वेगळे पडतील, माझे उचलू नका. तसंही मोबाइलवर साइडबार तीन रेघांमागं दडलेला असतो, तो फार कमी लोक उघडतात. पण पानाखालचे मागचं-पुढचं बाण ह्याच क्रमानं चालतात, म्हणून क्रमाला किंमत आहे.

त्या कार्यालयासाठी मग एक वेगळं पान केलं, त्यावर शाखावार लिंकांची यादी. लगेच मंजूर झालं. उघडून पाहिलं असेल असं वाटत नाही.

जाता जाता: फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नका. पत्ता कॉपी केला की एकट्या 'क'ची नऊ चिन्हं होतात. तेवढा लांब पत्ता क्यूआरमध्ये घातला की ठिपके बारीक होतात आणि धुळीनं माखलेल्या स्टिकरवर स्कॅन होत नाहीत. शीर्षक मराठीत, पत्ता रोमन लिपीत, आखूड.

तुमची साइडबारची फाइल इथं टाका, रात्री बघतो. दिवसा सध्या तुरीची आवक आहे.